श्वास, शरीर आणि वंशभेद : मेनाकेम व मॅगी यांच्या दोन ग्रंथांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागात १७ जुलै २०१४ रोजी एरिक गार्नर या कृष्णवर्णीय नागरिकाचा गळा पोलिसांनी आवळला. 'मला श्वास घेता येत नाही' हे वाक्य त्यांनी अकरा वेळा उच्चारले आणि त्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. पुढे २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर एका पोलीस अधिकाऱ्याने ९ मिनिटे २९ सेकंद गुडघा रोवून ठेवला. त्यांच्याही तोंडी तेच शब्द होते. या घटनांनंतर अमेरिकेतील वंशभेदाच्या चर्चेत 'श्वास' हा शब्द केवळ रूपक म्हणून वापरणे अवघड झाले.

नेमक्या याच काळात तेथे एक वेगळे लेखन पुढे आले. वंशभेदाने शरीरावर व मनावर साचवलेला ताण श्वसनाच्या व ध्यानाच्या साधनेने कसा हलका करावा, हा त्याचा विषय होय. रेस्मा मेनाकेम यांचा 'माय ग्रँडमदर्स हँड्स' (२०१७), रूथ किंग यांचा 'माइंडफुल ऑफ रेस' (२०१८) आणि रोंडा मॅगी यांचा 'द इनर वर्क ऑफ रेशियल जस्टिस' (२०१९) हे या प्रवाहातील महत्त्वाचे ग्रंथ. तिन्ही लेखक कृष्णवर्णीय आहेत.

येथे एक अवघड प्रश्न निर्माण होतो. ज्याचा श्वास दुसऱ्याने रोखला आहे, त्याला 'आपल्या श्वासाकडे लक्ष दे' असे सांगणे हा उपचार आहे की अन्यायाशी जुळवून घेण्याचे शिक्षण? प्रस्तुत लेखात मेनाकेम व मॅगी यांच्या ग्रंथांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी दोन कसोट्या वापरल्या आहेत. साधनेचा भार कोणावर टाकला जातो, ही पहिली. आणि ती साधना कशाची पूर्वतयारी ठरते, ही दुसरी.

वंशभेदजन्य ताणाची संकल्पना

वंशभेद म्हणजे काही व्यक्तींच्या मनातील दूषित ग्रह, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. त्याचे परिणाम शरीरात मोजता येतात हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस बळावला. आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ साली मांडलेला 'वेदरिंग'चा सिद्धांत या दृष्टीने मूलगामी आहे. ऊनपावसाने लाकूड झिजावे तसे सततच्या सामाजिक प्रतिकूलतेने शरीर अकाली झिजते, असा त्याचा आशय. किशोरवयीन मातांच्या तुलनेत विशीतील मातांची अर्भके अधिक सुरक्षित असावीत ही सामान्य अपेक्षा कृष्णवर्णीय मातांच्या बाबतीत खरी ठरत नाही, असे त्यांना आढळले. ज्या वयात शरीर सशक्त असावयास हवे त्या वयात ते थकलेले होते. पुढे रॉबर्ट कार्टर यांनी २००७ साली वंशाधारित आघातजन्य ताणाची संकल्पना मांडली व अशा इजेला मानसिक दुर्बलता न समजता बाहेरून झालेली जखम समजावे, असा आग्रह धरला.

या ताणाची शारीरिक प्रक्रिया समजण्यास कठीण नाही. धोका जाणवताच हृदयाची गती वाढते, स्नायू ताणले जातात, श्वास उथळ व जलद होतो. धोका टळला की शरीराने पूर्वस्थितीला यावे अशी निसर्गाची योजना आहे. परंतु दुकानात शिरताच पाठीवर रोखली जाणारी नजर, रस्त्यात थांबवणारे पोलीस वाहन, सभेत आपल्याच वाक्यावर उमटणारे मौन यांना ठरलेली वेळ नसते. त्यामुळे शरीर पहाऱ्यावरून उतरतच नाही. श्वसन ही मात्र अशी क्रिया आहे की जी आपोआप चालते आणि इच्छेनेही बदलता येते. उच्छ्वास लांबवला असता व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते. मिनिटाला सुमारे सहा श्वास एवढ्या संथ लयीत हा परिणाम विशेष जाणवतो. या साधनेचा शारीरिक आधार एवढा आहे. तो उपेक्षणीय नाही आणि अमर्यादही नाही.

आजीचे हात : मेनाकेम

मेनाकेम हे मिनियापोलिस येथील मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या ग्रंथाचे शीर्षक त्यांच्या आजीच्या हातांवरून आले आहे. तिची बोटे जाड व राठ होती. लहानपणापासून कापूस वेचताना बोंडांच्या काटेरी टोकांनी ती फाटत, भरत आणि पुन्हा फाटत. नातवाने कुतूहलाने विचारलेल्या प्रश्नातून हा इतिहास उलगडतो. संपूर्ण ग्रंथाचे सूत्र या हातांत आहे. इतिहास पुस्तकात असतो त्याआधी तो त्वचेत असतो, आणि पुढच्या पिढीला तो कथेच्या आधी स्पर्शातून कळतो.

मेनाकेम यांचे प्रतिपादन असे की वंशभेद विचारांत जितका आहे तितकाच तो शरीरांत मुरलेला आहे. म्हणून केवळ युक्तिवादाने तो हटत नाही. ते तीन प्रकारच्या शरीरांचा विचार करतात : कृष्णवर्णीय, गौरवर्णीय आणि पोलिसांचे. या प्रत्येकासाठी प्रकरणांच्या शेवटी साधना दिल्या आहेत. पोटातून संथ श्वास घेणे, गुणगुणणे, झुलणे, पायांखालची जमीन जाणणे, शरीरात कोठे आवळल्यासारखे वाटते ते न्याहाळणे, असे त्यांचे स्वरूप आहे. वेदनेचे 'स्वच्छ' व 'मळकट' असे दोन भेदही ते करतात. वेदनेला सामोरे जाऊन तिच्यातून पार होणे ही स्वच्छ वेदना. तिला टाळून दुसऱ्याच्या शरीरावर ढकलणे ही मळकट वेदना.

या ग्रंथाचे दोन विशेष नोंदवणे आवश्यक आहे. पहिला असा की येथील श्वाससाधना सर्वस्वी पूर्वेकडून आयात केलेली नाही. गुणगुणणे, झुलणे, समूहाने लय धरणे या गोष्टी कृष्णवर्णीय समाजाच्या घरांत व प्रार्थनागृहांत पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. काम करताना आजी ज्या सुरात गुणगुणते तो तिचा उपचारच आहे हे मेनाकेम ओळखतात. शास्त्राने मान्यता देण्यापूर्वी समाजाने ज्या रीती जगून सिद्ध केल्या, त्यांना ते ज्ञानाचा दर्जा देतात.

दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. साधनेचा भार ते केवळ पीडितावर टाकत नाहीत. कृष्णवर्णीय शरीर समोर येताच जे गौरवर्णीय शरीर अकारण घाबरते आणि त्या भीतीलाच पुरावा मानते, त्या शरीरानेही थांबून श्वास घ्यावा, असे ते बजावतात. पोलिसाने शस्त्राकडे हात नेण्यापूर्वी आपले शरीर स्थिरावण्यास शिकावे, ही अपेक्षा फ्लॉइड यांच्या मृत्यूच्या तीन वर्षे आधी, त्याच शहरातील लेखकाने मांडली होती. पहिल्या कसोटीवर हा ग्रंथ निश्चितपणे उतरतो.

तथापि त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आघात पिढ्यान्‌पिढ्या जैविक मार्गाने संक्रमित होतो हे मेनाकेम ज्या निश्चयाने सांगतात, तेवढा निश्चय मानवावरील आजवरच्या संशोधनातून मिळत नाही. व्हेगस मज्जातंतूविषयी त्यांनी ज्या उपपत्तीचा आधार घेतला आहे, तिच्यावरही शरीरशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. वस्तुतः त्यांच्या प्रतिपादनाला या आधाराची गरज नव्हती. आजीचे हात सिद्ध करण्यास जनुकांची साक्ष लागत नाही. कापसाचा मळा पुरेसा आहे. शिवाय सर्वच शरीरे जखमी आहेत असे म्हटल्यावर जखम करणारा आणि जखम झालेला यांतील अंतर पुसट होण्याचा धोका राहतो. मेनाकेम जबाबदारी नाकारत नाहीत. मात्र पोलीस दलाची भरती, शिक्षा, नुकसानभरपाई, कायदा या संस्थात्मक बाबींना त्यांच्या ग्रंथात शरीराच्या मानाने फार थोडी जागा मिळाली आहे.

आजीची पहाट : मॅगी

रोंडा मॅगी यांनी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात विधी विषयाचे अध्यापन केले. त्यांच्याही ग्रंथाच्या मुळाशी एक आजी आहे. दिवसभराच्या कष्टांना लागण्यापूर्वी ती पहाटे उठून प्रार्थनेत स्वतःला स्थिर करी. मॅगी यांना साधनेचा पहिला पाठ येथे मिळाला. जॉन काबाट-झिन यांच्या परंपरेतील सजगतेचे शिक्षण नंतर आले. काबाट-झिन यांनीच या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आहे.

मॅगी यांचे मुख्य योगदान सजगतेला वर्गात आणण्यात आहे. 'मला रंग दिसतच नाही' ही भूमिका अमेरिकेत न्यायबुद्धीचे लक्षण समजली जाते. मॅगी यांच्या मते ती न पाहण्याचीच सवय आहे. तिच्या जागी त्या रंग डोळसपणे पाहण्याची दृष्टी सुचवतात आणि तिला 'कलरइनसाइट' असे नाव देतात. वर्गात वंशाचा विषय निघताच कोणाचा घसा कोरडा पडतो, कोण खाली पाहतो, कोण घाईने विषय बदलतो हे प्रत्येक अध्यापकाने अनुभवलेले असते. अशा क्षणी थांबणे, श्वास पाहणे, मग ऐकणे आणि बोलणे ही मॅगी यांची पद्धत होय. येथे श्वास संवादाचे साधन होतो. कठीण गोष्ट ऐकत असताना खोलीतून निघून न जाण्याचे बळ त्यातून मिळते.

परंतु याच ग्रंथात एक पेच दडलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली 'वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात असा निर्णय दिला की एखाद्या शासकीय नियमाचा परिणाम विषम आहे एवढ्यावरून तो घटनाबाह्य ठरत नाही. त्यामागे भेदभावाचा हेतू होता हे सिद्ध करावे लागते. म्हणजे कायदा वंशभेद मनात शोधतो. सजगतेची साधनाही वंशभेद मनातच शोधते. दोघांचे उद्देश परस्परविरुद्ध असले तरी दृष्टी एकाच दिशेला वळलेली राहते आणि मनाबाहेर घडणारा परिणाम दोघांच्या नजरेतून निसटू शकतो. हेतू शुद्ध झाला, साधना झाली. वस्तीतील शाळा मात्र तशीच राहिली, असे घडणे अशक्य नाही. विधीच्या प्राध्यापिकेने या पेचाचा विस्ताराने ऊहापोह करावयास हवा होता. ग्रंथाच्या उत्तरार्धात कृती व मुक्ती यांवर स्वतंत्र विभाग आहेत. तरीही अंतर्मनातील पालटापासून नियमाच्या पालटापर्यंतच्या पायऱ्या तेथे पुरेशा स्पष्ट होत नाहीत.

श्वास तटस्थ आहे काय?

दोन्ही ग्रंथांत एक गृहीत समान आहे : श्वास हा सर्वांचा, मूळचा व निर्मळ. इतिहास मात्र निराळे सांगतो. जॉन हचिन्सन यांनी १८४० च्या दशकात फुप्फुसांची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर हे यंत्र प्रचारात आणले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील सॅम्युएल कार्टराइट या वैद्याने त्या यंत्राने गुलामांची फुप्फुसे मोजून त्यांची क्षमता गौरवर्णीयांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचे सांगितले. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की सक्तीचे श्रम गुलामांच्या प्रकृतीला हितकर आहेत. ही समजूत गुलामगिरीबरोबर संपली नाही. पुढे यंत्रांतच 'वंशानुसार दुरुस्ती' अंतर्भूत झाली. तिच्यामुळे कृष्णवर्णीय रुग्णाची कमी क्षमता 'त्याच्यासाठी स्वाभाविक' ठरे आणि आजार नजरेआड होई. लंडी ब्राउन यांच्या 'ब्रीदिंग रेस इन्टू द मशीन' (२०१४) या ग्रंथात हा इतिहास सविस्तर आला आहे. वंशाचा निकष वगळून मापन करावे, अशी शिफारस अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ साली केली.

म्हणजे ज्या श्वासाकडे साधकाने विश्रांतीसाठी वळावयाचे, त्या श्वासालाही वंशभेदाने मोजमाप लावलेले आहे. गळा आवळलेल्या माणसाच्या अखेरच्या वाक्याला साधनेचे रूपक बनवण्यापूर्वी हा इतिहास ध्यानात घेणे आवश्यक आहे. मेनाकेम कापसाच्या मळ्यापर्यंत जातात. फुप्फुसांच्या मोजणीपर्यंत दोघांपैकी कोणीही गेले असते तर त्यांच्या साधनेला अधिक भक्कम भूमी लाभली असती.

साहित्यातील पूर्वसूरी

आफ्रिकी-अमेरिकी कादंबरीने हा प्रश्न या ग्रंथांच्या पूर्वीच हाताळला होता. टोनी केड बम्बारा यांच्या 'द सॉल्ट ईटर्स' (१९८०) मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या वेल्मा हेन्री या कार्यकर्तीपुढे वैदू स्त्री पहिलाच प्रश्न ठेवते, तो बरे होण्याच्या इच्छेविषयी. बरे होणे हे ओझे उतरवणे नसून नवे ओझे पेलणे आहे, असे ती सुचवते. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) मध्ये बेबी सग्ज रानातील मोकळ्या जागी मुक्त झालेल्या गुलामांना जमवते. ते हसतात, नाचतात, रडतात आणि स्वतःच्या शरीरावर प्रेम करण्यास शिकतात. मेनाकेम यांच्या साधनांचे हे पूर्वरूपच म्हणता येईल. परंतु मॉरिसन तेथे थांबत नाहीत. गुलाम पकडणारे तिच्या अंगणात शिरतात, त्यानंतर बेबी सग्ज उपदेश सोडते, अंथरूण धरते आणि उरलेले दिवस केवळ रंगांचा विचार करीत घालवते. अंगण सुरक्षित नसेल तर रानातील उपचार टिकत नाही, हे मॉरिसन यांनी जेवढे निष्ठुरपणे दाखवले आहे तेवढे नंतरच्या उपचारग्रंथांत आढळत नाही.

नागपूर ते नॅशव्हिल

दुसऱ्या कसोटीसाठी, म्हणजे साधना कशाची पूर्वतयारी ठरते हे पाहण्यासाठी, एक ऐतिहासिक उदाहरण उपयुक्त आहे आणि त्याचा आपल्या प्रदेशाशी थेट संबंध आहे. जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट कार्यकर्ते १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. तेथे त्यांनी गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. परतल्यावर टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. डायान नॅश व जॉन लुईस हे त्यांतील विद्यार्थी. एकाने खुर्चीवर बसावयाचे आणि इतरांनी त्याला शिव्या द्यावयाच्या, ढकलावयाचे, तोंडावर धूर सोडावयाचा. बसलेल्याने हात उचलावयाचा नाही आणि उठावयाचेही नाही, असा सराव तेथे होई. तो प्रत्यक्ष कसाला लागला १३ फेब्रुवारी १९६० रोजी, जेव्हा हे विद्यार्थी गौरवर्णीयांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांच्या बाकांवर जाऊन बसले. त्याच वर्षी १० मे रोजी शहरातील काही दुकानांतील बाके सर्वांना खुली झाली.

या सरावाला कोणी ध्यान म्हटले नाही. तरीही शरीराची प्रतिक्रिया ओळखणे, तिला आवर घालणे आणि अपमानासमोर स्थिर राहणे हेच त्याचे स्वरूप होते. तो सामूहिक होता, त्याला तारीख होती, ठिकाण होते आणि पालटावयाचा एक नियम समोर होता. विद्यार्थी शांत राहण्यास शिकले ते बाक सोडावे लागू नये म्हणून. उपचार व शरणागती यांच्यातील सीमारेषा येथे स्वच्छ दिसते.

नागपूरचाच दुसरा संदर्भ मराठी वाचकाला अपरिहार्यपणे आठवेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. अमेरिकेतील सजगतेची परंपराही बौद्ध आनापानसतीतून, म्हणजे श्वासावरील जागृतीतूनच गेली आहे. परंतु 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या तंट्यात शोधले. वृद्ध, रुग्ण व मृत यांच्या दर्शनात नव्हे. दुःखाचे मूळ केवळ मनात न पाहता माणसांच्या परस्परसंबंधांत पाहण्याची ही दृष्टी होय. एकाच परंपरेतून दोन देशांतील पीडितांनी काय उचलले, याची तुलना अभ्यासकांना बोधप्रद ठरावी. जात आणि वंश या भिन्न व्यवस्था आहेत, हे भान मात्र तीत सुटता कामा नये.

समारोप

मेनाकेम व मॅगी यांचे ग्रंथ उपेक्षणीय नाहीत. वंशभेद शरीर झिजवतो हे सत्य त्यांनी सामान्य वाचकाच्या हाती दिले आणि दोन आज्यांच्या ज्ञानाला ग्रंथात मानाचे स्थान दिले. साधनेचा भार वाटून देण्यात मेनाकेम अधिक न्यायी आहेत. संवादाची रीत शिकवण्यात मॅगी अधिक समर्थ आहेत. साधनेकडून नियमाकडे जाणारी वाट दोघांकडेही अंधुक आहे. ती नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना दिसली होती.

या विवेचनाचा उपयोग अध्यापकांना आपल्या परिसरातही व्हावा. महाविद्यालयांतून ताणमुक्तीसाठी प्राणायामाचे व ध्यानाचे वर्ग घेतले जातात. त्यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु आडनाव ऐकून वसतिगृहात ज्याच्याशी बोलणे थांबते, त्या विद्यार्थ्याला केवळ दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला देणे म्हणजे जखमीवरच जखमेची जबाबदारी टाकणे होय. त्याला श्वासाची साधना अवश्य शिकवावी. त्याच दिवशी त्याची तक्रारही नोंदवून घ्यावी. आणि ज्यांनी बोलणे थांबवले त्यांनाही त्याच वर्गात बसवावे. तसे झाले तरच त्या साधनेला उपचार म्हणता येईल.